आमच्या शिवारातील नावे

ज्या गावी आपले बालपण गेले त्या गावाविषयी लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा साक्षीदाराच्या भूमिकेत राहत नाही. तो लवकरच वकील होऊन बसतो. नदी, नदीकाठचे देऊळ, देवळापुढचा पार, पारावरचे भोळेभाबडे वृद्ध, ही सारी मंडळी त्याच्या बाजूने साक्ष देण्यास तयारच असतात आणि उलटतपासणी घ्यावयास कोणी नसते. माझी अडचण अशी की, आमच्या गावाला नदीच नाही. एक ओढा आहे. तो वर्षातून पंधरा दिवस वाहतो, आणि वाहतो तेव्हा कोणाचा तरी बांध घेऊन जातो. तेव्हा रम्य वर्णनाची अर्धी सामग्री मला आरंभीच गमवावी लागते. उरतात ती शेते. त्या शेतांविषयी, किंबहुना त्यांच्या नावांविषयी, काही लिहावे असे गेली दोन वर्षे मनात आहे. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. परंतु जो इतिहास मी तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून सांगितला, तो घरच्याच एका शेतात मला नव्याने वाचावा लागला, आणि वाचताना तो पूर्वीइतका सोपा वाटला नाही.

गाव पुणे जिल्ह्यातले, सुप्याच्या बाजारापासून अडीच कोसांवरचे. पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणे, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. सुपे परगण्यात माती कसली आहे हे मात्र पुस्तकात नसते. सह्याद्रीने आपला वाटा घेतल्यावर जो पाऊस उरतो तो आमच्याकडे येतो. वीस इंचांच्या आतबाहेर, आणि तोही आपल्या मर्जीने. ओढ्याच्या कडेने थोडी काळी, तिच्या वर तांबूस मुरमाड, आणि त्याच्याही वर उघडा बरड माळ. खरिपात बाजरी, तिच्यात मटकी, हुलगे आणि तूर; परतीचा पाऊस साधला तर काळीत शाळू आणि करडई. मोटा माझ्या जन्माआधीच थांबल्या होत्या. थारोळ्याच्या गुळगुळीत दगडांवर आम्ही मुले खेळत असू, आणि विहिरीवर तेलावरचे इंजिन धाप लागल्यासारखे चाले.

जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात: पांढरी आणि काळी. घरे जिच्यावर उभी ती पांढरी, पिके जिच्यात उभी ती काळी. 'समस्त पांढरी' म्हणजे सारे गावकरी. मातीच्या रंगावरून माणसांच्या समुदायाला नाव देणारी ही भाषा मला फार आवडते. पुढे कॉलेजात शिकताना, खेडे म्हणजे एक लहानसे राज्यच, असे एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात म्हटल्याचे वाचले, आणि मेटकाफने १८३० साली उत्तरेकडील खेड्यांना लहान लोकसत्ताकांची उपमा दिल्याचेही वाचले, तेव्हा छाती फुगली होती. राज्ये येतात आणि जातात, गाव मात्र तसेच राहते, असे त्यांचे एकंदर म्हणणे. गाव तसेच राहते हे खरे की खोटे, याचा पडताळा पाहण्याचे एक साधन माझ्या घरातच आहे हे मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

ते साधन म्हणजे शेतांची नावे. ती मी भाकरीच्या टोपल्याबरोबर शिकलो. सकाळची शाळा सुटली म्हणजे आजी न्याहारीचे फडके हाती देई आणि सांगे, "बोराटीत जा," किंवा "आज औत चिंचपट्टीला हाय." शंभर सव्वाशे शेते असतील, प्रत्येकाला नाव, आणि ते नाव गावातील प्रत्येकास ठाऊक. भूगोलाचा नकाशा मी नंतर पाहिला. हा नकाशा पायांनी पाठ झाला होता. काही नावे झाडांची: बोराटी, चिंचपट्टी, पिंपळखळगा. काही जमिनीच्या गुणावगुणाची: दगडमाळ, टेपाड, वाकडा डाग. काही हुद्द्यांची: गुरवकी, कुंभारकी, सुतारकी, म्हणजे त्या त्या कामाबद्दल गावाने लावून दिलेली शेते. आणि काही नावे अशी की त्यांचा माणूसच उरलेला नाही. आमच्या शिवेलगत एका शेताला ज्या आडनावाने ओळखतात त्या आडनावाचे घर आमच्या गावात नाही, आणि शेजारच्या चार गावांतही नाही.

या शेवटल्या प्रकाराचा उलगडा मला पुढे झाला. मराठेशाहीत मिरासदारांच्या जमिनी 'थळ' या नावाने मोजल्या जात, आणि त्यांच्या यादीला थळझाडा म्हणत. मूळ घराणे दुष्काळात, रोगराईत किंवा धामधुमीत नष्ट झाले अथवा परागंदा झाले, तर त्या जमिनीस गतकुळी म्हणत. पण थळाचे नाव बहुधा त्या गेलेल्या कुळाचेच राही. १८३० च्या सुमारास दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने याची दखल घेतलेली आहे. म्हणजे ज्या घराण्याला नाव लावणारा कोणी उरला नाही, त्याचे नाव पाभरीमागे चालणारा परका मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या घेत राहिला. वंशावळी खोट्या रचता येतात आणि सनदा बनावट करता येतात. शेताचे नाव बनावट करण्याचे कोणास कारण पडत नाही. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. तसे फारसे झाले नाही. डॉक्टर कोट्‌स याने १८१९ साली, पेशवाई बुडाल्यावर लगेच, पुण्याजवळच्या लोणी गावाची घरे, माणसे, गुरे, पिके आणि कर्जे यांची टिपणे केली. प्राध्यापक घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली पुस्तक लिहिले. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. हे सारे मोलाचे ग्रंथ आहेत; पण आपल्या गावाच्या शेतांची नावे कोणी वहीत उतरून ठेवली आहेत काय, असे मी दरवर्षी खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना विचारतो, आणि दरवर्षी वर्गात शांतता पसरते.

इंग्रजी अमलात शेतांना आकडे मिळाले. पहिली मोजणी प्रिंगल याने केली. ती फसली, कारण तिने बसवलेला सारा रयतेस झेपेना. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली आमच्या शेजारच्या इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली. शेताला नंबर, नंबराला हद्दीचे दगड, आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. या पद्धतीचे गुणदोष मी वर्गात अनेकदा सांगितले आहेत. येथे एवढेच म्हणतो की, आकड्यांनी नावे मेली नाहीत. आमचे आजोबा सरकारात नंबर सांगत आणि घरी नाव सांगत. नावांवर खरा घाव घातला तो मागाहून, १९४७ च्या कायद्यान्वये तुकडे जोडण्याची योजना गावोगाव आली तेव्हा. आमच्याकडे ती मी शाळेत असताना आली. तुकडे एकत्र करून त्यांचे गट पडले, जुन्या नंबरांच्या जागी गट क्रमांक आले, आणि बोराटी, टेपाड व वाकडा डाग एका गटाच्या पोटात गेली. योजना हिताची होती. बांधांत जाणारी जमीन वाचली, हे कबूल केले पाहिजे. परंतु माझ्या पुतण्यास आज बोराटी कोठे असे विचारले तर तो गट क्रमांक सांगतो, आणि बोरीची झाडेही आता तेथे नाहीत.

आता ज्या शेतासाठी हे लिहीत आहे त्याकडे वळतो. पण त्याआधी आमच्या घराण्याच्या एका अभिमानाची गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही पाटीलकीचे नव्हे, देशमुखीचे नव्हे. साधे कुणबाऊ लोक. सांगण्यासारखा पराक्रम आमच्याकडे एकच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला, आणि कर्जरोख्यांची व वह्यांची होळी केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, सारा वाढला होता, आणि आधी मोकळ्या हाताने उसने देणारा सावकार आता कोर्टाचा हुकूमनामा घेऊन दारी येत होता. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहेत त्यांचा आरंभ हा. त्या दिवशी आमचे खापरपणजोबा बाजारात होते, आणि त्यांनी आपला रोखा आपल्या हाताने विस्तवात टाकला, असे आमच्या घरी चार पिढ्या सांगत आले आहेत. याला कागदोपत्री पुरावा नाही. सुप्याच्या आसपासच्या बहुतेक घरांत असाच एक खापरपणजोबा आहे, आणि ते सगळे खरे मानले तर त्या दिवशी बाजारात उभे राहावयास जागा उरली नसती. तरीही ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज बदले. "कागदानं बुडवलं व्हतं, ते कागद जाळून सुटलो," हे त्यांचे शेवटचे वाक्य ठरलेले. पुढे चौकशीचे कमिशन बसले आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याने कोर्टास एक नवा अधिकार दिला; रोख्यावरचा आकडा तेवढा न पाहता त्या रोख्यामागची हकीकत काय, हे पाहण्याचा. हे कलम शिकवताना मला नेहमीच आनंद होत असे.

आमच्या शेतांपैकी ओढ्यापलीकडे, महारवाड्याच्या अंगाला, सव्वातीन एकरांचे एक शेत होते. त्याचे नाव हाडोळा. हे नाव कसे पडले असे मी एकदा आजीस विचारले. ती म्हणाली, "नांगरताना हाडं निघायची तिथं, म्हनून." मला ते पटले, आणि मी कित्येक वर्षे त्या शेतात काळोख पडल्यावर जात नसे.

त्या शेतावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे राबत असत. या लेखात मी त्यांचा उल्लेख आदराने करीत आहे. आमच्या घरी तसा तो कधी झाला नाही. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्यास मामा, काका, तात्या असे म्हणावे हा आजीचा शिरस्ता. त्यांना मात्र सहा वर्षांचा मीही एकेरी नावाने हाक मारीत असे आणि कोणी मला टोकत नसे. १९५६ नंतर त्यांचे घर बौद्ध झालेले होते, गावची कामे त्यांनी सोडली होती; पण आमच्या अंगणात ते पायरीच्या खालीच बसत. शिवारातल्या प्रत्येक बांधाचा इतिहास त्यांना ठाऊक असे. दोन भावांत बांधाचा तंटा लागला की त्यांना बोलावणे जाई. ते येत, पावलांनी मोजीत आणि अमुक जागी खणा म्हणून सांगत, आणि तेथे बहुधा जुना दगड निघे. हा त्यांच्या घराचा पिढीजात हक्क होता; गावाच्या शिवेसंबंधी महाराची साक्ष पूर्वी अखेरची मानली जाई. १९७२ च्या दुष्काळात आमची माणसे आणि त्यांची माणसे एकाच रस्त्यावर खडी फोडीत होती. मी तेव्हा चार वर्षांचा. तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी, एवढेच त्या सालचे मला आठवते. आणि ती सुकडी कधी कधी त्यांच्या हातची असे हे आठवते. त्या एका हंगामात आजीनेही काही म्हटले नाही. पाऊस पडला, आणि पुन्हा पायरी होती तेथे आली.

हाडोळा या शब्दाचा खरा अर्थ मला एम. ए. च्या वर्गात कळला, घरी नव्हे. महारांना त्यांच्या वतनी चाकरीबद्दल जी इनाम जमीन असे तिला हाडकी किंवा हाडोळा म्हणत. वेशीची राखण, सरकारी वसूल खजिन्यात पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, आल्यागेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, अशी ती चाकरी. तिला वेळकाळ नाही आणि नकार नाही. त्या शब्दातील हाडे आजीने सांगितलेलीच, पण नांगराला लागणारी नव्हेत. मला शब्द कळला, तो मी टिपून घेतला, आणि परीक्षेत उत्तरही लिहिले. मग ते शेत आमच्याकडे कसे, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. मलाही आता वाटते. पण आपले घर हे इतिहासाच्या बाहेर असते अशी समजूत बहुतेकांच्या मनात असते, आणि इतिहासाचे विद्यार्थी त्याला अपवाद नसतात.

वतनाचे हे जोखड काढण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले होते. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यासाठी अष्टौप्रहर राबण्यापेक्षा जमिनीवर पूर्ण सारा भरून चाकरीतून मोकळे होण्याची वाट महारांना असावी, असा त्याचा रोख होता. ते बिल पार पडले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. जमीन ठराविक रक्कम भरून मूळ वतनदारास परत द्यावयाची, असा त्याचा मुख्य सिद्धान्त. हे मी वर्गात सांगत असे. त्याच व्याख्यानात त्याआधीची पंधरा मिनिटे १९४८ च्या कुळकायद्याची असत: कसेल त्याची जमीन, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, शतकानुशतके दुसऱ्याच्या शेतात घाम गाळणारा कुणबी अखेर मालक झाला. माझे विद्यार्थी हा भाग मन लावून ऐकत. त्यांच्यातील पुष्कळांच्या घरी त्या कायद्याने जमीन आलेली होती. हे दोन कायदे मी शेजारीशेजारी शिकवीत आलो, पण ते एखाद्या शेतात एकमेकांस भेटले तर काय होईल, याचा विचार कधी केला नाही.

वडील दोन वर्षांपूर्वी वारले. दिवस झाल्यावर थोरल्या बंधूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पुण्याकडून नवा रस्ता आमच्या अंगाने येणार असल्याची वदंता होती, जमिनीस गिऱ्हाइके येत होती, आणि हाडोळा विकून दोघांनी पैसे वाटून घ्यावे असे बंधूंच्या मनात होते. "तू शिकलेला, कागद तू बघ," असे म्हणून त्यांनी पेटी माझ्यापुढे सारली. साऱ्याच्या पावत्या, बैलांच्या खरेदीच्या चिठ्ठ्या, सोसायटीची पासबुके, आणि तळाशी एक मुद्रांकाचा कागद. साल १९४६, शाई तपकिरी झालेली. तिघा वतनदारांनी मौजे मजकूरची हाडोळा नावाची जमीन पंधरा वर्षांच्या खंडाने आमच्या आजोबांस दिली. कारण घरखर्च व मुलीचे लग्न. ऐवज नव्वद रुपये रोख आणि पाच मण बाजरी, एकदम उचल, पुढे काही मागणे नाही. खाली तीन निशाण्या, डाव्या हाताच्या अंगठ्यांच्या. मधल्या अंगठ्यापुढे आमच्या अंगणात पायरीखाली बसणाऱ्या त्या गृहस्थांचे नाव होते.

मग मी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. फेरफाराच्या वहीतून पुढचा क्रम हळूहळू जुळला. वतनाची जमीन वतनदाराच्या हयातीपलीकडे परक्यास देता येत नसे. पण हयातीपुरता खंड बेकायदा नव्हता. वतने नाहीशी झाली तेव्हा आमच्या खंडाची मुदत चालू होती. आणि त्या कायद्यातच असे म्हटले आहे की, वतनाच्या जमिनीवर कायदेशीर खंड चालू असेल तर त्याला कुळकायदा लागू. म्हणजे आमचे आजोबा कूळ ठरले आणि वतनदार ठरले जमीनमालक. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे प्रकरण चालले. आकाराच्या वीस ते दोनशे पट या मर्यादेत किंमत ठरावयाची, ती खालच्या टोकाजवळ ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी भरली, आणि १९६२ साली खरेदीचा दाखला मिळाला. प्रकरणात एक ओळ आहे: जमीनमालक हजर, हरकत नाही. खाली पुन्हा तो अंगठा.

ही ओळ मी पुष्कळ वेळा वाचली. साऱ्या आयुष्यात त्या एका दिवसापुरते, त्या एका कागदात, ते गृहस्थ आमचे जमीनदार होते. या व्यवहारात बेकायदा काही नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. आजोबांनी पैसे दिले होते, ते देखील त्या घरातील मुलीच्या लग्नाच्या वेळी; शेत त्यांनी खरोखरच कसले, दगड वेचले, बांध घातले. कुळकायदा ज्या जमीनदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता तो गढीत राहणारा, खंड खाणारा, मुंबईपुण्यास बसलेला. तो कायदा लिहिणाऱ्याच्या मनात सव्वातीन एकरांचा, सही न येणारा, कुळाच्या अंगणात पायरीखाली बसणारा जमीनदार नव्हता. परंतु कायदा माणूस पाहत नाही, रकाना पाहतो. आणि रकान्यात आम्ही पीडित होतो. १८७९ च्या कायद्याने कोर्टास शिकवलेली रोख्यामागची हकीकत पाहण्याची रीत येथे कोणी वापरली नाही. आणि ती वापरा असे म्हणण्याइतके बळ 'हरकत नाही' म्हणणाऱ्याच्या अंगी नव्हते. खापरपणजोबांनी जाळलेल्या रोख्यावर नव्वद रुपयांहून अधिक रक्कम होती की कमी, हे कळावयास मार्ग नाही. तो कागद आम्ही अभिमानाने जाळला, आणि हा पेटीच्या तळाशी जपून ठेवला.

मी हे बंधूंजवळ बोललो. ते रागावले नाहीत; पण दुखावले. "आजोबांनी लुबाडलं म्हनतोस का?" मी म्हटले, "दादा, लुबाडलं म्हणत नाही. पण आपल्याकडं कसं आलं ते तरी लिहून ठेवू." यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी पेन्शन हाय मास्तर. माझं काय?" या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही. शेत त्यांनी कसले; मी सुट्टीत जाऊन हुरडा खाल्ला.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक रकाना असतो, शेताचे स्थानिक नाव. सरकारी कागदावर शेताच्या नावास मिळालेली ही एकच जागा, आणि बहुतेक उताऱ्यांवर ती कोरी असते. आमचीही कोरी आहे. ती भरून मिळावी असा अर्ज मी तलाठी साहेबांकडे केला. तरुण गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मी काही कज्जा करणार आहे काय असे जपून विचारले. नाही म्हटल्यावर त्यांना अधिकच कोडे पडले. बंधूंचा याला विरोध होता. "त्या नावानं गिऱ्हाईक बिचकंल," ते म्हणाले, "वतनाची हाय का, म्हनून दहा जागी विचारत फिरंल." त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते, आणि नेमके तेच माझेही म्हणणे होते, नाव वाचणाऱ्याने विचारावे. अर्ज अद्याप निकालात निघालेला नाही. शेतही विकलेले नाही. रस्त्याची वदंता दुसऱ्या बाजूस गेली.

गेल्या दिवाळीत त्या गृहस्थांचे नातू गावी आले असता मी त्यांच्या घरी गेलो. ते पिंपरीकडे एका कारखान्यात आहेत. वय पंचेचाळिशीच्या पुढे. त्यांच्या घराचा उंबरा मी प्रथमच ओलांडीत होतो, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे; त्यांनी तसे दाखवले नाही. चहा झाला. मी कागद काढून पुढे ठेवला आणि जे सांगावयाचे ते सांगितले. वाटेत जुळवलेली वाक्ये नीट जमली नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरून वाचला. शेताचा विषय त्यांना नवा नव्हता. त्यांच्या घरी तो ठाऊक होता, मुलीच्या लग्नासकट. ती मुलगी त्यांची आत्या. आमच्या घरी जे विसरले गेले होते ते तेथे कोणी विसरले नव्हते. तेही त्या शेताला हाडोळाच म्हणत.

मग त्यांनी मधल्या अंगठ्यावर बोट ठेवले. "हा आजोबांचा?" मी होय म्हटले. "सर, आजोबांचा फोटो नाही आमच्याकडं. कुणी काढलाच नाही. याची एक झेरॉक्स मिळेल का?" त्या ठशाच्या रेषा अजून स्पष्ट आहेत, अंगठ्याच्या मधोमध एक आडवा व्रण आहे, विळ्याचा असावा.

सुप्यास जाऊन मी नक्कल काढून आणली. ती माझ्याजवळ ठेवली आणि मूळ कागद त्यांना दिला. बंधूंना हे मी अजून सांगितलेले नाही. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा कळेल.